शेल्डें पोस्ट ऑफिस

पहिल्या दिवशी मी पाटी वाचली, झेल्डेम.
रांगेतला म्हातारा हसला : शेल्डें.
एक्सचा श करायचा, साहेब,
आणि शेवटचा एम
नाकातच ठेवायचा.

त्याच्या पासबुकावर चारच अक्षरं, जेने सुरू.
मी हाक मारली, जोस.
उठला.
बोटीवर भांडी घासायचा तेव्हा
स्पॅनिश भटारी होसे म्हणे.
तेव्हाही उठायचाच.

आज बायको आली, एकटी.
'मृताचे नाव' या रकान्यात
मी देवनागरीत जो काढला,
तिनं पेनावर बोट ठेवलं.
जुझे.

ज जुन्यातला, झ झाडातला.
हे कुठल्याच रकान्यात लिहिता येत नाही.
खोडलं, पुन्हा लिहिलं,
आणि शिक्का मारण्याआधी
एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं तिला.