पान चार

वेंगुर्ल्याच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
साप्ताहिकाचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले.
सत्तर साल वाळवीने नेले.
त्या वर्षी जे गेले, ते दोनदा गेले.

लोक येतात. कुणाला तलाठ्याकडे पुरावा द्यायचा असतो,
कुणाला नुसती तिथी हवी असते, म्हाळासाठी.
तारीख कुणालाच आठवत नाही. मग मी विचारतो,
बाजारात आंबा होता का तेव्हा?
होड्या वर ओढल्या होत्या?
तेवढ्यावरून गठ्ठा काढतो.

पान चार, डावा कोपरा. अल्पशा आजाराने.
सगळेच मनमिळाऊ.
आमच्या बांधावरचा फणस ज्याने रातोरात तोडला
तोही मनमिळाऊ, चौदा ओळींत, फोटोसकट.
बायका मात्र लवकर सापडत नाहीत;
नवऱ्याच्या नावामागे उभ्या असतात, पदर ओढून.

शनिवारी उभादांड्याहून एक बाई आली, चाळिशीची.
आजा शोधायचा होता, रुमाजी खोबरेकर.
"गणपतीक अकरा दिस होते," ती म्हणाली,
"होडी गावली, तो गावलो नाय."
अडुसष्ट, एकोणसत्तर. पान चार पुन्हापुन्हा.
नव्हता.

मग पान दोनवर, कौलांच्या जाहिरातीखाली:
वय एक्केचाळीस, रंग सावळा, अंगात निळी बंडी,
उजव्या अंगठ्याला गळाची जुनी जखम.
आढळल्यास बंदरावर मिठाच्या दुकानात कळवावे.
पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही.
नवव्या खेपेला बंडी गेली, अकराव्याला जखम.
शेवटी एक ओळ उरली: रुमाजी, घरी ये.
पैसे आजीनेच भरले असणार, बांगडे विकून.

"ह्याचो दाखलो कसो करूचो?" तिने विचारले.

मी एक्याण्णवचा गठ्ठा काढला.
आजी तिथे होती, पान चार, पाच ओळी.
कै. रुमाजी खोबरेकर यांच्या पत्नी श्रीमती आवडाबाई.
"हय लिवला मां!" तिने बोट ठेवले.
एक अक्षर, दोन मात्रा, एक टिंब,
सबंध गठ्ठ्यांत तो तिथेच तेवढा मेलेला.
तिने मोबाइलवर फोटो घेतला, दोनदा,
पहिल्यात माझी सावली आली होती.
जाताजाता म्हणाली,
आजी मरेपर्यंत कुंकू लावायची. लोक हसायचे.

तिला मी सांगितले नाही
की एक्याण्णव साली त्या छापखान्यात खिळे मीच जुळवायचो.
मुलाने आणलेला कागद मला आठवतो,
वहीचे पान, खवल्यांचा वास.
त्यावर लिहिले होते: रुमाजी यांच्या पत्नी सौ. आवडाबाई.
सौ. मी काढला. कै. मी घातला.
कुणाला विचारले नाही.
मला वाटले, चूक आहे.