शटरचा आकडा

ब्रिडलिंग्टनच्या बंदरामागे, मासळीच्या दुकानाला लागून
गार्साइडचं कॅमेऱ्यांचं दुकान.
त्याने माझा कॅमेरा उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला,
रबर सुटलंय तिथे थांबला.
मग केबल जोडून म्हणाला,
"एक लाख बारा हजार चारशे आठ."

इतक्या वेळा पडदा उघडला, मिटला.
इतक्या वेळा मी श्वास रोखला असणार,
निदान त्यातल्या अर्ध्या वेळा तरी.

"ह्याचे दोनशे चाळीस देईन. नवा एकोणीसशेला. त्यातून वजा."
बाहेर व्हिनेगरचा वास,
एक सीगल चिप्सच्या पुड्याशी झोंबत होता.
बॉयलरची सर्व्हिस राहिलीय.
सावनीचं लीड्समधलं भाडं एक तारखेला जातं.
श्रीरंग म्हणतो, घे गं, पैसे काय वर न्यायचेत?
असं म्हणतो, आणि मग तीन दिवस
खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरतो.

जुन्याबद्दल तक्रार एकच.
कमी उजेडात चाचपडतो.
पुढे जातो, मागे येतो, पुढे, मागे,
रात्री उशाशी चष्मा शोधणाऱ्या माणसासारखा.
सप्टेंबरात स्टेशनवर
सावनी गाडीच्या दारातून वळली,
हसली नाही, काहीतरी म्हणाली,
मी बटण दाबलं.
फोटोत काचेवरचा थेंब अन् थेंब मोजता येतो,
दारावरचं 'उघडण्यासाठी दाबा' वाचता येतं,
आणि तिचा चेहरा म्हणजे
ओल्या बोटाने पुसलेलं पाटीवरचं अक्षर.
काय म्हणाली होती, तेही विचारायचं राहिलं.

नवा असं करत नाही म्हणे.
नवा डोळा ओळखतो,
माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा,
मेनूत तसं वेगवेगळं लिहिलेलंच आहे.
"बघा तरी धरून."
हलका होता. माझी बोटं जिथे जातात
तिथे एकही बटण नव्हतं.
मी तो गार्साइडवरच रोखला.
हिरवी चौकट त्याच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसली.
त्याने मान वळवली, काउंटरखाली वाकला, वर आला,
चौकट गोचिडीसारखी चिकटलेली.

"कुठला धरला?"
"डावा."
तो मोठ्यांदा हसला,
आणि पेन्सिलीने डाव्या बुबुळावर वाजवलं.
टक टक.
"काचेचा आहे. चौऱ्याऐंशी साली, ट्रॉलरवर, दोर तुटला."

मी दिवसभर माणसांचे आतले फोटो काढते,
स्कार्बरोच्या इस्पितळात.
श्वास घ्या, रोखा, सोडा.
तिथे नवं मशीन आलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं;
जुनं एका मंगळवारी ट्रॉलीवरून गेलं,
मागे वायरी लोंबत.
तेव्हा किती सोपं होतं.

"शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो," गार्साइड म्हणाला.
मी हो म्हटलं नाही, नाहीही.
त्याचा इतका वेळ घेतला, म्हणून भिडेखातर
अठरा पौंडांची बॅटरी घेतली. जुन्याची.

बंदरावर चारलाच अंधारत होतं.
धक्क्यावर खेकड्यांच्या पिंजऱ्यांशेजारी
एक बाई भिजलेल्या कुत्र्याचे कान टॉवेलने पुसत होती,
एक कान, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.
मी कॅमेरा डोळ्याला लावला.
तो पुढे गेला, मागे आला, पुढे.
तोवर दोघं उठून चालू लागली,
माझा श्वास तसाच अडकलेला.

एक लाख बारा हजार चारशे नऊ:
रिकामा धक्का,
पिंजऱ्यावर विसरलेला टॉवेल,
त्याची उसवलेली कड मात्र लख्ख.

शनिवारी माझी सकाळची पाळी आहे.
दोनला सुटते.
दुकान तीनला बंद होतं.