विरजण

शुक्रवार ठरला. म्हणजे ठरला असं धरून चालू.
मुकादमची रात्रपाळी पहाटे सुटते,
वृषालीची लॅब बंद,
वर्गीस म्हणाला, आधी चर्च, मग मी, अकरा धरा.
स्वयंपाकघर माझं,
कारण अख्ख्या फहाहीलमध्ये एवढा लांब ओटा
आपल्यापैकी कुणाकडे नाही,
आणि कारण बायको मेअखेरपर्यंत मिरजेला आहे.
(हे दुसरं कारण तिच्या कानावर जाऊ नये.)

आलं चार किलो.
चिनी नको, ते धुतलेलं, गोरंगोमटं,
आतून मेलेलं असतं, फसफसत नाही.
वर्गीस केरळचं आणेल, मातीसकट.
गूळ मुकादमकडे आहे, दापोलीहून आलेला,
कस्टमवाल्यानं सुरी खुपसून पाहिलेला.
लिंबं. खजुराचा पाक, थोडाच, रंगापुरता.
वीस लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन, उकळत्या पाण्यानं धुऊन,
आणि फुगे एक पाकीट, तोंडाला बांधायला.
दुकानदार विचारेल वाढदिवस कुणाचा,
तर कुणाचाही सांगा.

एसी सव्वीसच्या खाली आणायचा नाही.
त्याला थंडी बाधते.
माणसांनी घाम पुसावा.

नियम एकच, वृषाली तो दर वेळी मोठ्यानं वाचते:
तिसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये.
चौथ्या दिवशी पेयाचं नाव बदलतं,
आणि या देशात मग आपलंही.
तिच्याकडे काचेचा तरंगकाटा आहे,
बाटलीत सोडला की किती बुडायचं ते त्याला कळतं.
आम्हाला अठरा वर्षांत नीटसं कळलेलं नाही.

विरजण रेमंडचं.
रेमंड तुस्कानो, नंदाखालचा, पाइपफिटिंगमधला राजा माणूस.
जानेवारीत त्याचं रेसिडन्सीचं कार्ड संपलं,
पुन्हा निघालं नाही.
त्यानं गाडी विकली, टीव्ही विकला,
सोफा खालच्या हारिसला दिला,
आणि ही बरणी माझ्या हातात ठेवली.
रोज एक चमचा साखर, एक चमचा किसलेलं आलं.
विसरलास तर मला कळवू नकोस, म्हणाला.
मी विसरलो नाही.
दोनदा विसरलो.
तिसऱ्या दिवशी मेल्यासारखं पडलेलं ते
जास्तीचा चमचा खाऊन पुन्हा बोलायला लागलं,
रुसलेल्या मेहुण्यासारखं.

आपल्या भाषेत बेतावर विरजण पडलं
की माणसं पिशव्या उचलून घरी जातात.
आमचा बेत ते पडल्यावर सुरू होतो.

आता मागच्या खेपेचं सांगतो, नव्यांनी लक्ष द्या:
रात्री दोनला एक बाटली फुटली.
ठो.
छताला अजून डाग आहे, ओमानच्या आकाराचा.
पाच मिनिटांत दारावर अबू हमदी, हारिस,
गलबियात, अनवाणी, डोळे मोठे.
मी म्हणालो, ज़ंजबील, ज़ंजबील,
आणि हात वर केले, चोरासारखे.
त्यानं फरशीवरचं बोटावर घेतलं, हुंगलं,
चाखलं,
आणि तिथेच, ओल्या फरशीवर, रेमंडच्या नावे हाक मारून
बसला.
त्याची आई फय्यूमला तांदळाचं सोबिया करायची,
मडकं पलंगाखाली, पोरांनी हात लावायचा नाही.
मुलं लावायची.
एवढी गोष्ट त्यानं हातवाऱ्यांनी सांगितली,
आणि उठताना एक बाटली घेऊन गेला.

म्हणून यंदा यादीत अबू हमदी पण.
त्याला काही आणायला सांगू नका.
त्यानं फक्त यायचं, आणि जिन्यात खाकरायचं नाही.

साडेअकराला वसईत दोन वाजतात.
रेमंड जेवून उठलेला असेल.
फोन लावायचा, पण चेहरे दाखवत बसायचं नाही,
तो सरळ विचारतो, बुडबुडे कसे आहेत?
फोन बरणीच्या तोंडाशी धरायचा.
त्याला ऐकू येतं, म्हणतो.

तेवढा वेळ
कुणीही आलं किसायचं नाही.