बोरखिंडीचं तिकीट

कवठ्याच्या पुढं, बेदाण्याची शेडं मागं टाकून
डांबरी सोडली की एक हिरवी कमान लागते.
आत स्टेशन आहे. म्हणजे होतं. म्हणजे आता पुन्हा आहे.
नवा चुना, जुनी कौलं,
पिवळ्या पाटीवर बोरखिंड, तीनदा, तीन लिपींत,
आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची.
ह्या गावानं समुद्र राहू दे,
चैतात विहिरीचा तळसुद्धा ओला पाहिलेला नाही.

एका रविवारी बायाक्काआत्याला घेऊन गेलो.
तिनं दारातच चपला काढल्या.
अगं, देऊळ नाही हे.
"फरशी पुसल्याली दिसत्या," ती म्हणाली.

काचेखाली टोकनचे पितळी गोळे,
तांबड्या-हिरव्या काचेचा कंदील,
तारीख उठवायचं यंत्र,
प्रत्येकाखाली नीट अक्षरात माहिती.
मी वही काढली, मथळा लिहिला: स्थानकाचा इतिहास.
आत्याला वाचता येत नाही.
ती नाकानं बघत होती: राॅकेल, चुना, ओला बारदाना.
वजनकाट्याशी मात्र थांबली.
"ह्याच्यावर माजी कोथमिरीची पाटी कदी चढू दिली न्हाई.
चढली असती तर पैसं पडलं असतं."

खिडकीत विरूपाक्ष नावाचा पोरगा,
अंगात कुणाचा तरी काळा कोट, खांद्यावरून ओघळणारा.
साठ रुपये, जाऊन-येऊन.
दोन बोटांएवढा पुठ्ठा त्यानं यंत्रात सारला:
ठाप्.
आत्यानं तो उलटा केला, सुलटा केला.
"अकरा वर्सं ह्या गाडीनं मिरजेला गेले,
तिकीट कसं असतंय ते आज बघितलं."

मग तिला कंठ फुटला.
शेडबाळे टीसी चढला की सातजणी
डावीकडनं खाली, उजवीकडनं मागल्या डब्यात,
पाट्यांसकट, गाडी चालती असताना.
"चालती म्हंजे काय, शेळ्या फुडं जायच्या रं."

गाडी कुठवर जाते, तिनं विचारलं.
खिंडीपर्यंत. सव्वादोन किलोमीटर.
मग इंजिन ढकलत मागं आणतं.
"आन मिरज?"
ते रूळ उपटले, आजी. मोठी लाइन पलीकडनं गेली.
आत्या बराच वेळ पुठ्ठ्याकडं बघत राहिली.
"बिनतिकिटाची मिरजेला जायची.
तिकीट काढलं तर कुटंच जाईना व्हय!"

निळा डबा हलला.
पोरं खिडकीतून मोबाईल धरून,
माळावर पवनचक्क्या, एक फिरती, तीन उभ्या,
आणि मी पेन उघडून तयार.
आत्या काही बोलेना.
ओठांत मोजत होती फक्त: भान्याचा बांध,
येडी बाभळ, मुरमाचा खड्डा...
बाभळ तर नव्हतीच. तिच्या जागी ड्रिपच्या काळ्या नळ्या.
तरी तिनं ती मोजली.

खिंडीच्या चढाला इंजिन धापायला लागलं
आणि ती उठली. पदर खोचला.
आत्या, थांबली नाही अजून!
"म्हनून तर."

उजवा पाय आधी, तोंड इंजिनाकडं,
गाडीबरोबर चार पावलं पळून
ती खडीवर उभी राहिली,
त्र्याहत्तर वर्षांची.
गार्डानं शिट्टी फुंकली, कुणी ओरडलं.
तिचा हात मात्र सरळ डोक्याकडं गेला,
पाटी सावरायला.
तिथं काही नव्हतं. हात थोडा वेळ वरच राहिला.
मग द्राक्षाच्या तारेखालून वाकून ती गेली,
जिकडं पूर्वी वाट असावी तिकडं.

परत येताना विरूपाक्षानं माणसं मोजली,
पुन्हा मोजली.
मी दोन्ही तिकिटं दाखवली. काय बोलणार?
वहीत मथळ्याखाली एक ओळ नव्हती.

घरी पोचलो तेव्हा ती माझ्या आधी आलेली,
उंबऱ्यात बसून घोट्याला हळद लावत.
मान वर न करता म्हणाली,
"चढला हुता का रं शेडबाळे?"