शेडर तयार होत आहेत

गुरुवार. धनकवडीत आज पाणी नाही
आणि मी पडद्यावरची पट्टी बघत बसलोय:
शेडर तयार होत आहेत, एकेचाळीस टक्के.
एवढ्या वेळात चहा झाला, पिऊन झाला,
कपही विसळून झाला असता.
असो.

हे यंत्र दोन हजार बारा साली
तापकीर गल्लीत कुलभूषण गांधलेकरने जोडून दिलेलं.
पंखा कुणाचा, पॉवर सप्लाय कुणाचा,
ग्राफिक्स कार्ड एका बुडालेल्या गेमिंग पार्लरचं,
सिगारेटच्या वासासकट.
(आता त्यातलं कॅबिनेट तेवढं उरलंय.)
"चोरीचं विंडोज मी टाकून देत नाही," म्हणाला,
आणि एक सीडी हातावर ठेवली,
वर स्केचपेनने काढलेला पेंग्विन.
पेंग्विन कमी, कावळा जास्त.

तेव्हा बाकी सगळ्यासाठी वाईन लागायची.
आईने दारातूनच विचारलं होतं,
"काय टाकतोयस म्हणालास?"
रात्ररात्र ओळी टंकायच्या.
आवाज आला तर चित्र नाही,
चित्र आलं तर सैनिक सगळे जांभळे,
एकदा तर नायकाला डोकंच नव्हतं,
टोपी तेवढी आपली आपण चालत होती.
सकाळी कॉलेजात मी ओरडत जायचो, चालला! चालला!
खेळलो किती?
मोजून सहा मिनिटं.

आता तसं राहिलं नाही.
बटण दाबलं की चालतो.
मधे कुणी दुभाषी बसलाय,
तिकडची बोली इकडे करत,
इतक्या झपाट्याने की गेमला पत्ताच नाही
आपण परमुलखात आलोय.
कबूल करतो, मला जरा चुकल्यासारखं होतं.

शुक्रवारी रात्री मात्र
कॉलेजची चौकडी जमते एका बेटावर.
नीलाक्षी हिंजवडीतून, दर्पण डब्लिनहून,
आणि मी फाटकाबाहेर.
गेम उघडतो, संगीत वाजतं, मी नाव टाकतो,
मग येतो तो, लबाडी पकडणारा,
बाणेरच्या सोसायटीतल्या वॉचमनसारखा.
वही पुढे करत नाही, वर फोन लावत नाही,
नुसता चपलांकडे बघतो.
पाटीही अस्सल इथलीच वाटावी अशी:
अन्य प्रणालीवाल्यांनी थांबू नये. कारण विचारू नये.

मी आजवर लबाडी केली नाही.
लबाडी करण्याइतकं मला खेळताच येत नाही.
पण त्याला थेट गाभ्यात उतरून पाहारा करायचाय,
आणि आमचा गाभा पडला उघडा,
कुणीही यावं, बघावं, दोन ओळी बदलून जावं.
नेमकी हीच त्याची तक्रार.

"घे ना बाबा एक विंडोज," हेडफोनमधून नीलाक्षी,
"कसला एवढा हट्ट?"
हट्टच आहे. दुसरं काय नाव देऊ.

मागच्या महिन्यात कुलभूषण आला.
दुकानात आता कॅमेरे विकतो, सोसायट्यांना.
चष्मा कपाळावर, हातात एक जुनी सीडी:
शहर वसवायचा गेम, दोन हजार चारमधला,
आणि त्याच सीडीवर त्याने जपलेलं त्याचं शहर.
नव्या विंडोजने तिला ओळखच दाखवली नाही.
"तुझ्याकडे बघ जरा."

पहिल्या झटक्यात उघडली.
"काय केलंस?"
काहीच केलं नाही, म्हटलं.
त्याला ते फारसं आवडलं नसावं.

वीस वर्षं चौकात थांबलेली बस हलली.
रस्ते, शाळा, नदीकाठी एक विनोदी स्टेडियम,
आणि टाक्या. जिथे तिथे पाण्याच्या टाक्या.
घरांपेक्षा टाक्या जास्त.
"बायको नवीन होती तेव्हा," तो म्हणाला,
"वडगावला भाड्याने राहायचो. चौथा मजला."
पुढे काही बोलला नाही.
रात्री अडीचपर्यंत एक पाइपलाइन ओढत बसला.

जाताना सीडी इथेच विसरला,
का ठेवून गेला, मी विचारलं नाही.

शंभर टक्के.
कप तसाच. नवा गेम दारात उभा आहे, चकचकीत.
मी तो बंद करतो
आणि गांधलेकरच्या शहरात जातो.
तिथे गुरुवारीही पाणी असतं.