आडवेबाईंची शिकवणी

नाव ऑर्डवे. वाई गावानं
दुसऱ्या सोमवारच्या बाजारातच आडवेबाई करून टाकलं.
आडवी मुळीच नव्हती. चालायची ताठ,
उन्हात काळी छत्री, पायांत बंदांचे बूट,
सकाळी उलटे करून झटकायची, विंचवासाठी.
तो धडा ती एका दिवसात शिकली होती.

मी महिना आठ रुपयांवर व्याकरण शिकवायला.
तिच्या ओसरीवर, माझ्या पाटावर,
तिची खुर्ची चार हात लांब.
तहान लागली तर पाणी घरी जाऊन.
संध्याकाळी घाटावर बुडी, मग संध्या.
ती ओसरी दोघांनाही परदेशच होती,
मला जरा जवळचा, एवढंच.

ळ तिला कधी आला नाही.
"काल कठीण आहे," म्हणायची.
मी म्हणायचो, काल तर गेला, बाई.

पहिल्या थंडीत विचारलं,
बर्फ पडताना जो आवाज होत नाही
त्याला तुमच्यात काय म्हणतात?
मी कोश पाहिला. हिम होतं, तुषार होतं.
पांडवगडावर धुकं उतरलं होतं, ते दाखवलं.
तिनं मान हलवली.
हो की नाही, कळलं नाही.
मान अजून तिकडचीच होती.

"मी घराची आठवण करते," असं वहीत लिहिलं.
मी लाल शाईनं: मला घराची आठवण येते.
भूक लागते, ताप येतो, रडू फुटतं.
मराठीत माणूस बहुधा बसलेला असतो, बाई,
आणि गोष्टी त्याच्याकडे चालत येतात.
"कुठून?" ती म्हणाली.
हे धड्यात नव्हतं.

आषाढात पत्र आलं, बोटीनं, सात आठवड्यांचं शिळं.
"माझी बहीण मेली," ती म्हणाली.
आणि मी, जीभ झडो माझी,
म्हणालो, "वारली. माणसाला वारली म्हणावं."
"वारली."
मग पुन्हा एकदा, पाटीवर गिरवावं तसं,
"माझी बहीण वारली."
उच्चार अगदी बरोबर होता.

आपण आणि आम्ही यांत ती वर्षभर अडखळली.
तिच्या भाषेत दोघांना एकच दार.
मी सांगायचो, आपण म्हणजे ऐकणारा आत,
आम्ही म्हणजे ऐकणारा बाहेर.
"आपण ख्रिस्ती आहोत," ती मला लिहून दाखवायची,
मी घाईघाईनं खोडायचो,
गावातल्या कुणी वही पाहिली तर!
आणि धडा संपला की, "आम्ही आता उठूया का?"
व्याकरणाप्रमाणे मी बसूनच राहायला हवं होतं.

मग गाठीचा ताप. गाव उठून माळावर,
तट्ट्यांच्या झोपड्यांत.
माझ्या यमूच्या काखेत लिंबाएवढी गाठ.
रात्री कंदील घेऊन दाराशी आडवेबाई,
बुटांना चिखल, छत्री नाही.
"आपण तिला उचलू," म्हणाली.
"आपण बंगल्यावर नेऊ. आपण जागू."
तीन वाक्यं.
मी सवयीनं चूक शोधली.

यमू वाचली. काखेत व्रण आहे.
त्या रात्री बंगल्यातल्या माठाचं पाणी प्यालो,
हे घरात अजून सांगितलेलं नाही.
सकाळी बुडी मारली. तीही मारली.

आता बाई शुद्ध बोलतात, ळ सोडून.
त्या भाकरी एका हातानं मोडतात,
मान आपल्यासारखी हलवतात,
कधीकधी मलाच कळत नाही, हो की नाही.
रविवारी आत त्यांची प्रार्थना चालते.
मी ओसरीवर बोरू तासत बसतो, उगाच,
रविवारी शिकवणी नसते.
देवाला ते आमच्या बापा म्हणतात.
बरोबर आहे. ऐकणारा तो, म्हणून तो बाहेर.
पण ओसरीवर जो ऐकतो आहे,
ज्याला कुणी हाक मारलेली नाही
आणि कुणी उठवलेलंही नाही,
तो कुठल्या सर्वनामात घ्यायचा?
घरी दोन व्याकरणं आहेत.
दोन्ही चाळून झाली.