औटकी

आधी डावी पापणी लवली,
सियागंजात, हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिताना.
सुमित्रावहिनी म्हणाल्या, बाईची डावी, शुभच.
चार महिने मी शुभाची वाट पाहिली.

मग दोन्ही मिटू लागल्या.
एका गिऱ्हाइकाला वाटलं, मी डोळा मारला.
हसला, आणि सांगेन तो भाव दिला मेल्याने.
भर चौकात रिक्षावाला ओरडला,
"माताजी, सो रही हो क्या?"

थेंब झाले. गोळ्या झाल्या,
त्यांनी झोप आली, तीही पेढीवर.
काळा चष्मा घातला तर जो तो विचारी, मोतीबिंदू का?
तोंड चालू असलं की डोळे उघडे राहतात,
हे माझं मीच शोधलं.
तेव्हापासून औटकी म्हणत रस्ता ओलांडते.

एमवायमधली छाबडा डॉक्टरीण
सुईत विष भरताना म्हणाली,
"एवढासा थेंब, मावशी. स्नायूला सांगायचं, गप्प बस."
बसतो. तीन महिने.
मग पुन्हा तीच रांग, तीच सुई, तोच खर्च.

आज नववा दिवस.
पोती मोजली, एक चुकलं नाही.
संध्याकाळी चौक आला, डोळे टक्क उघडे,
तरी ओठ हललेच:
सहा औट एकवीस,
सात औट साडेचोवीस,
आणि मी पलीकडे.